पटकथाकाराचा दिग्दर्शक होताना: ली चांग-डोंग यांच्या वाटेवरून तुमच्या प्रश्नाकडे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही हायस्कूलमध्ये मराठी शिकवता. एक कथासंग्रह प्रसिद्ध झालाय, एका चित्रपटाची पटकथा लिहिलीत, आणि तो चित्रपट पडद्यावर आला तेव्हा तुम्हाला तो आपला वाटलाच नाही. वय अडतीस. मग कोरियाच्या ली चांग-डोंग यांच्याबद्दल वाचलंत. तेही हायस्कूलमध्ये भाषा शिकवायचे, तेही मूळचे कथाकार, चाळिशीच्या उंबरठ्यावर सिनेमात आले आणि पुढे कान महोत्सवात पटकथेचा पुरस्कार घेतला. तुम्ही विचारता, ही वाट मला चालेल का, आणि पुढची पटकथा कुणाला न देता मीच दिग्दर्शित करू का?

मी दुसऱ्यांच्या पटकथा वाचून आणि दुरुस्त करून पोट भरते. शूटिंगच्या आधी निर्माते स्क्रिप्ट माझ्याकडे पाठवतात, कधीकधी शूटिंग अर्धं झाल्यावरही पाठवतात. कार्यशाळांमध्ये ली यांचे चित्रपट प्रसंगाप्रसंगाला थांबवून मुलांना दाखवत आलेय, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायला मला आवडेल. नोकरी सोडावी का, हे मात्र मी सांगू शकणार नाही. घराचे हप्ते किती, घरात दुसरा पगार येतो का, संस्था बिनपगारी रजा देते का, यावर ते ठरेल. एवढंच नोंदवते की ली यांनी एकवीस वर्षांत सहाच मोठे चित्रपट केले आणि शिकवणं कायमचं सोडलं नाही. पुढे ते कोरिया राष्ट्रीय कला विद्यापीठात चित्रपट शिकवत होते.

आता खरा मुद्दा. तुमच्या लांबलचक प्रश्नात 'दिग्दर्शन करायचंय' हे एकदाच आलंय. 'माझ्या पटकथेची वाट लावली' हे मात्र निरनिराळ्या तऱ्हांनी पुन्हापुन्हा आलंय. राग समजण्यासारखा आहे. पण रागाच्या भरात दिग्दर्शनाला उतरलेला लेखक सेटवर बहुतेक वेळा कागदाची राखण करत बसतो: माझा संवाद कापला, माझी ओळ गाळली, मी लिहिलं होतं तसा पाऊस पडला नाही. ली यांची वाटचाल बारकाईने पाहिली तर ती जवळजवळ उलट्या दिशेने जाते. म्हणून ती जरा तपशिलात सांगते.

ली यांचा जन्म १९५४ चा, देगू शहरातला. क्योंगबुक राष्ट्रीय विद्यापीठात कोरियन साहित्य शिकले, देगूच्या नाटकमंडळींत वावरले, मग हायस्कूलमध्ये कोरियन शिकवू लागले. १९८३ साली 'दोंग-आ इल्बो' या दैनिकाच्या नववर्षाच्या साहित्यस्पर्धेतून लेखक म्हणून त्यांचं नाव पुढे आलं. कोरियात वर्तमानपत्रांच्या या वार्षिक स्पर्धा म्हणजे साहित्यात शिरायचा राजरस्ता. पुढे १९८७ आणि १९९२ मध्ये कथासंग्रह आले. हे दशक कोरियासाठी कसलं होतं ते डोळ्यांपुढे ठेवा: १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजूमध्ये लष्कराने केलेली कत्तल, त्यानंतरची लष्करी राजवट, १९८७ चं लोकशाहीसाठीचं आंदोलन. त्यांचा लेखकपिंड या काळात घडला आणि सिनेमात आल्यावरही तो काळ त्यांनी सोडला नाही.

१९९३ साली पार्क क्वांग-सू या दिग्दर्शकाने त्यांना बोलावलं. पार्क तेव्हाच्या कोरियन नव्या सिनेमातलं मोठं नाव. इम चोल-ऊ यांच्या कादंबरीवरचा 'टू द स्टारी आयलंड' करायचा होता. बापाचं प्रेत गावच्या बेटावर पुरायला नेणाऱ्या मुलाची गोष्ट. बेटावरची माणसं प्रेत उतरवूच देत नाहीत, कारण कोरियन युद्धाच्या काळात त्या बापाने काय केलं होतं ते कुणी विसरलेलं नसतं. ली यांनी पटकथेवर काम केलं, आणि त्याच चित्रपटावर सहायक दिग्दर्शक म्हणूनही उभे राहिले.

बहुतेक लेखांमध्ये हे सहायकपण अर्ध्या वाक्यात उरकलेलं असतं. मला ते सगळ्या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं. दोन पुस्तकं नावावर असलेला माणूस एकोणचाळिसाव्या वर्षी सहायकाचं काम पत्करतो. सहायकाचं काम काय असतं ते तुम्ही सेटवर पाहिलंच असेल. गर्दीतल्या माणसांना कुठून कुठे चालायचं ते सांगा, ऊन उतरलं की दिवसाचं वेळापत्रक फिरवा, कालच्या शॉटमध्ये सदऱ्याचं कुठलं बटण उघडं होतं ते लक्षात ठेवा, नट तयार आहे का, चहा आला का. यात 'लेखन' म्हणावं असं काही नाही. पण आपण लिहिलेलं 'ती खिडकीपाशी उभी राहते' हे साधं वाक्य घडवायला किती माणसं, किती वेळ आणि किती तडजोडी लागतात, हे तिथेच कळतं. आणि त्याहून मोठी गोष्ट कळते: नटी खिडकीपाशी नुसती उभी राहिली की त्या वाक्यानंतर आपण लिहिलेली पुढची चार वाक्यं अनावश्यक ठरतात.

१९९५ मध्ये पार्क यांच्याच 'अ सिंगल स्पार्क'च्या लेखनात ली होते. सोलच्या कापडबाजारातल्या शिवणकामगारांसाठी लढणाऱ्या जोन ते-इलने १३ नोव्हेंबर १९७० रोजी स्वतःला पेटवून घेतलं, त्याच्यावरचा हा चित्रपट. निर्मितीचा काही खर्च सामान्य लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला होता. जोनचं आयुष्य कृष्णधवल, आणि काही वर्षांनी लपूनछपून त्याचं चरित्र लिहिणाऱ्याचा काळ रंगीत, अशी रचना. लिहिणाऱ्याला चित्रपटाच्या मधोमध बसवण्याची ही कल्पना ली यांच्या पुढच्या कामाच्या संदर्भात मला फार बोलकी वाटते, कारण स्वतः दिग्दर्शक झाल्यावर ते असा सगळं समजणारा लिहिणारा पडद्यावर पुन्हा आणत नाहीत. त्याकडे पुढे येते.

पहिला चित्रपट 'ग्रीन फिश' १९९७ चा. इथे अजून एक गोष्ट नीट पाहा. पार्क यांच्या दोन्ही चित्रपटांत मून सोंग-कुन हा नट होता, आणि 'ग्रीन फिश'मधला गुंडांचा म्होरक्याही तोच. चित्रपट ज्या 'ईस्ट फिल्म' कंपनीचा, तिच्या उभारणीतही तो होता. म्हणजे ली यांना पहिली संधी एखाद्या निर्मात्याला स्क्रिप्ट ऐकवून मिळाली नाही. ज्यांनी त्यांना दोन चित्रपटांवर काम करताना पाहिलं होतं, अशा माणसांनी ती उभी केली. वर हान सोक-क्यूसारखा तेव्हाचा चलतीतला नायक मिळाला. नव्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाला पैसे कसे उभे राहतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता परिस्थितीचा भाग, कारण तो न सांगता ही गोष्ट सांगणं अप्रामाणिक होईल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून कोरियातल्या मोठ्या उद्योगसमूहांनी चित्रपटांत पैसा घालायला सुरुवात केली होती आणि त्यांना नव्या गोष्टी हव्या होत्या. १९९६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी बुसान चित्रपट महोत्सव सुरू झाला. चित्रपटगृहांना वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवणं बंधनकारक होतं. २००६ मध्ये ते ७३ दिवसांवर आलं. छुंगमुरो, म्हणजे सोलमधली आपल्या दादर-अंधेरीसारखी सिनेमावाल्यांची वस्ती, तिथे एका दिग्दर्शकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबून मगच दिग्दर्शक व्हायची जुनी पद्धत याच काळात सैल होत होती. ली दारातून आत आले तेव्हा दार नुकतंच किलकिलं झालेलं होतं. मराठीत आज राज्य सरकारचं अनुदान आहे, पण ते चित्रपट पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन, दर्जा ठरून मिळतं. तोवरचा पैसा तुमचा किंवा तुमच्या निर्मात्याचा. हा फरक छोटा नाही.

आणि ली यांची वाट हीच कोरियातली एकमेव वाट असंही समजू नका. पार्क हून-जोंग यांनी २०१० मध्ये आलेल्या 'आय सॉ द डेव्हिल' आणि 'द अनजस्ट' या दोन गाजलेल्या चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या, दोन्ही नामांकित दिग्दर्शकांसाठी. २०११ मध्ये स्वतः पहिला चित्रपट केला, तो फारसा चालला नाही. २०१३ चा 'न्यू वर्ल्ड' मात्र जोरात चालला. बाजारात पटकथाकार म्हणून भाव वधारल्यावर त्या बळावर दिग्दर्शन मिळवायचं, ही त्यांची रीत. 'पॅरासाइट'वाले बोंग जून-हो सरकारी चित्रपट अकादमीतून शिकून आले, पहिल्या चित्रपटाआधी दुसऱ्यांच्या पटकथांवर आणि सहायक म्हणून काम करत होते. सोंग नुंग-हान पटकथाकारच; १९९७ मध्ये दिग्दर्शक झाले, एक-दोन चित्रपट करून कॅनडाला गेले. अलीकडे 'पास्ट लाइव्हज'मुळे गाजलेली सेलीन सोंग ही त्यांची मुलगी, तीही आधी नाटककार. तेव्हा 'कोरियन पटकथाकार दिग्दर्शक कसे होतात' याचं एकच एक उत्तर नाही. मी ली यांच्याकडे वळते कारण तुम्ही कथाकार आहात, आणि कथाकाराच्या अडचणी वेगळ्या असतात.

'ग्रीन फिश'मध्ये लेखकाचा हात अजून दिसतो. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून नायक माकदोंग घरी येतो तर त्याचं इल्सान गाव नव्या इमारतींच्या रांगांमध्ये बुडालेलं. पुढे गुंडांच्या टोळीत शिरतो, एक खून करतो आणि टेलिफोनच्या बूथमधून घरी फोन लावतो. मोठ्या भावाला सांगतो, फोन ठेवू नकोस, आणि लहानपणी पुलाखाली हिरवे मासे धरायला गेलो होतो, सपात हरवली होती, सगळे ती शोधत बसलो होतो, असं काहीबाही बोलत राहतो. खुनाबद्दल एक अक्षर नाही. हसतो, रडतो. हा कथाकाराचाच प्रसंग आहे, अर्थ एका आठवणीत दडवलेला. पण कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो आणि बोलणं चालू राहतं, तेव्हा शब्द मागे पडून श्वास ऐकू यायला लागतो. कार्यशाळेत मी आधी हा संवाद नुसता वाचून दाखवते, मग प्रसंग. मुलांच्या चेहऱ्यांवरचा फरक पाहिला की जास्त बोलावं लागत नाही.

दुसरा चित्रपट 'पेपरमिंट कँडी'. १९९९ च्या बुसान महोत्सवाचा तो उद्‌घाटनाचा चित्रपट होता आणि १ जानेवारी २००० ला प्रदर्शित झाला. नायक रेल्वेच्या पुलावर चढून 'मला परत जायचंय' असं ओरडतो, आणि चित्रपट १९९९ पासून १९७९ पर्यंत उलटा चालत जातो: बुडालेला धंदा, पोलिसातली वर्षं, १९८० चं ग्वांगजू, आणि त्याआधीचा फुलांचे फोटो काढू पाहणारा पोरगा. उलटी रचना कागदावर सुचू शकते, कथाकाराला तर हमखास सुचते. चित्रपटाने त्यात जी भर घातली ती दोन प्रकरणांमधल्या आगगाडीच्या दृश्यांची. आधी वाटतं गाडी पुढे चाललीय. मग लक्षात येतं की रस्त्यावरची माणसं आणि वाहनं मागे चालताहेत. एक ओळही न बोलता काळ मागे सरकतो. आणि नायक सोल क्योंग-गू तेव्हा रंगभूमीवरचा, सिनेमात फारसा माहीत नसलेला नट. त्याला उलट्या क्रमाने वीस वर्षांनी तरुण होताना पाहणं हाच चित्रपट.

'ओएसिस' २००२ चा, व्हेनिस महोत्सवात दिग्दर्शनाचा खास पुरस्कार मिळालेला. तुम्ही तो पाहिला असेल तर माझ्याशी भांडाल कदाचित, पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या नायिकेवर सुरुवातीला होणारा अत्याचाराचा प्रयत्न आणि त्यातूनच उमलणारं प्रेम, हे मला आजही पुरतं पटत नाही. मून सो-रीचं काम मात्र थक्क करणारं. त्यानंतर ली २००३-०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांच्या सरकारात सांस्कृतिक मंत्री होते. ते सोडून पुढे जाते, तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

'सीक्रेट सनशाइन', २००७. इथे कथाकार आणि दिग्दर्शक यांच्यातली झटापट उघड दिसते, म्हणून जरा रेंगाळते. यी चोंग-जुन यांच्या १९८५ च्या एका कथेवर हा चित्रपट आहे. कथेत निवेदक नवरा आहे. मुलाचं अपहरण आणि खून झाल्यावर बायकोचं काय झालं, ते तो आपल्याला सांगतो. ली यांनी चित्रपट करताना निवेदकच काढून टाकला. चित्रपट सुरू होतो तेव्हा नवरा आधीच वारलेला आहे आणि शिन-ए लहान मुलाला घेऊन त्याच्या गावी, मिर्यांगला, राहायला निघालीय. कथाकाराला विचारा, निवेदक काढणं म्हणजे काय! 'तिला वाटलं', 'ती आतून तुटली', 'तेव्हा मला उमगलं' ही सगळी वाक्यं एका फटक्यात गेली. त्याच्या जागी आला सोंग कांग-होने केलेला गॅरेजवाला जोंग-छान. तो तिच्या मागेमागे असतो, तिच्याबरोबर चर्चमध्येही जाऊन बसतो, आणि तिच्या मनात काय चाललंय ते त्याला अजिबात कळत नाही. समजणाऱ्या साक्षीदाराऐवजी न समजणारा साक्षीदार. वर म्हटलं होतं ते हेच: 'अ सिंगल स्पार्क'मधला लिहिणारा माणूस इथे उरलेला नाही.

मग तुरुंगातला प्रसंग. देवाच्या आधाराने सावरलेली शिन-ए खुन्याला क्षमा करायला जाते. तो शांत, टवटवीत चेहऱ्याने सांगतो की मलाही देव भेटला, त्याने माझी पापं केव्हाच माफ केली. तिच्याकडे याला उत्तर नाही. उत्तर नसणं हाच प्रसंग आहे. बाहेर आल्यावर ती कोसळते. असे प्रसंग मी स्क्रिप्टमध्ये पाहिलेत, आणि निर्मात्याच्या बैठकीतून ते कसे परत येतात तेही पाहिलंय. 'हिला काहीतरी बोलू द्या ना. प्रेक्षकाला कळायला हवं.' पटकथाकार एकदा नाही म्हणतो, दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा ओळ लिहून देतो. एकदा ओळ लिहिली गेली की सेटवर ती बोलली जाते, आणि बोलली गेली की एडिटमध्ये ठेवली जाते. ही पोकळी सेटवर, टेकमागून टेक, शेवटपर्यंत कोण सांभाळणार? फक्त दिग्दर्शक सांभाळू शकतो. जोन दो-योनला या भूमिकेसाठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

इथवरचं थोडक्यात: ली आधी लेखक, मग दुसऱ्याच्या सेटवर सहायक, मग ओळखीच्या माणसांच्या विश्वासावर दिग्दर्शक, आणि दिग्दर्शक झाल्यावर प्रत्येक चित्रपटात आपल्याच लेखनातलं समजावून सांगणं थोडं थोडं कमी करत गेले. याचा कळस 'पोएट्री'त आहे, आणि गंमत अशी की २०१० मध्ये कानने त्याला पुरस्कार दिला तो पटकथेचा.

'पोएट्री'मधली मीजा ही साठी ओलांडलेली आजी. विसराळूपणा वाढतोय, नुकतंच कळलंय की अल्झायमरची सुरुवात आहे. कवितेच्या वर्गात नाव घातलंय. तिच्या नातवाने आणखी पाच मुलांबरोबर एका शाळकरी मुलीवर अत्याचार केलेत आणि त्या मुलीने नदीत जीव दिलाय. मुलांचे बाप मिळून ठरवतात की मुलीच्या आईला पैसे देऊन प्रकरण मिटवायचं. तीन कोटी वॉन, घरटी पन्नास लाख. आईला भेटून समजावायचं काम मीजावर टाकतात, बाई आहे म्हणून.

ती गावात पोचते. वाटेत जर्दाळूच्या झाडाखाली पिकून पडलेली फळं दिसतात, एक उचलून चाखते, वहीत काहीतरी टिपून ठेवते. पुढे शेतात काम करणारी मुलीची आई भेटते. मीजा हसून बोलायला लागते: हवा किती छान आहे, पडलेलं जर्दाळू किती गोड होतं. आई चार शब्द बोलते. आपण प्रेक्षक म्हणून वाट बघतोय की आता ही विषय काढेल. मीजा निरोप घेते, वळते, चालायला लागते. आणि चार पावलं गेल्यावर तिचा चेहरा बदलतो. ती कशासाठी आली होती हे तिच्या लक्षात येतं, आणि आपल्याही.

आता हा प्रसंग पटकथेत लिहायचा म्हटला तर काय लिहाल? 'मीजा कशासाठी आली ते विसरते आणि गप्पा मारून परत फिरते.' एक ओळ. वाचणारा निर्माता मान डोलावेल आणि पान उलटेल. उलट, घाबरून तुम्ही तिच्या विसरण्याची आधीच सूचना दिलीत, म्हणजे एखादा गोंधळलेला कटाक्ष किंवा 'मी कशाला बरं आले होते?', तर प्रसंग मेला. तो जिवंत राहतो कारण आपल्याला काहीच आधी सांगितलेलं नाही, उन्हातल्या त्या गप्पा खऱ्याखुऱ्या गोड आहेत, आणि चेहरा बदलायला नेमका किती वेळ द्यायचा हे कुणीतरी ठरवलंय. तो वेळ कागदावर लिहिता येत नाही. बरीच वर्षं पडद्यापासून दूर असलेल्या युन जोंग-हीला ली यांनी या भूमिकेसाठी परत आणलं. अभिनेत्यांना भाव कसा दाखवायचा ते सांगायचं नाही आणि टेक घेत राहायचं, ही त्यांची ख्याती आहे. त्या चेहऱ्यावर ते दिसतं.

मी स्क्रिप्ट वाचताना समासात खूण करते ती अशाच ठिकाणी: जिथे पानावर कमी आहे आणि पडद्यावर जास्त असायला हवं. खुणा फार थोड्या असतील आणि स्क्रिप्ट संवादांवर, घटनांच्या वळणांवर उभी असेल, तर ती चांगल्या कसबी दिग्दर्शकाला द्यायला हरकत नसते. नीट करार करा, दिग्दर्शक पारखून घ्या, आणि त्याच्यावर सोडा. खुणा जागोजागी असतील, आणि प्रत्येक ठिकाणी काय होणार हे लेखकाला विचारल्यावर तो 'असा थांबेल, एवढा वेळ, प्रकाश इकडून' असं सांगू शकत असेल, तर मी म्हणते, बाबा, तूच कर. विचारल्यावर लेखक उठून पात्राच्या मनात काय चाललंय याचं व्याख्यान देत असेल, तर अजून नको. कथाकार बहुधा हे व्याख्यान फार सुंदर देतात. तिथेच फसगत होते.

'बर्निंग' बद्दल एवढंच सांगते. २०१० नंतर थेट २०१८. जपानी लेखक हारुकी मुराकामींच्या छोट्या कथेवरून, आपली विद्यार्थिनी राहिलेल्या ओ जोंग-मीबरोबर लिहिलेला. नायक जोंग-सू लेखक व्हायचं म्हणून आलेला, पण लिहायला काही सुचत नसलेला तरुण. घर पाजूला, उत्तर कोरियाच्या सीमेवरच्या ध्वनिक्षेपकांचा आवाज ऐकू येईल असं. ज्याला सगळं समजावून सांगायचंय अशा लेखकाला ली यांनी चित्रपटाच्या मध्यभागी बसवलं आणि त्याला काहीच नक्की कळू दिलं नाही. त्याची मैत्रीण हे-मी सांगते ते मांजर होतं का, ती विहीर होती का, हरितगृह खरंच जळलं का. संध्याकाळी अंगणात हे-मी नाचते तो भाग दिवेलागणीच्या उरल्यासुरल्या उजेडात चित्रित केलेला आहे. त्या उजेडाची मुदत थोडी असते, आणि तो अर्धा-पाऊण तास गाठायला पुरं युनिट दिवसभर तयारीत उभं असतं. लेखक म्हणून 'संध्याकाळ' हा शब्द आपण किती फुकट वापरतो, ते अशा दिवशी कळतं.

तर तुमच्यासाठी. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत कुणाच्याही सेटवर सहायक म्हणून जा. लघुपट, मालिका, जाहिरात, काहीही चालेल. स्वतःची कथा नसलेल्या ठिकाणी जा, हे मुद्दाम सांगते. आपली कथा असली की आपण पुन्हा राखणदार होतो. पैसे मिळणार नाहीत किंवा चहापुरते मिळतील, मालिकेच्या सेटवर बारा-चौदा तासांची शिफ्ट असेल. ते जमलं, आवडलं, तर तुमच्या कथासंग्रहातली सगळ्यात कमी घडामोडींची कथा घेऊन दहा मिनिटांचा लघुपट करा. नागराज मंजुळे आधी कवी, आणि 'फँड्री'च्या आधी त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला होता, हे तुम्हाला माहीत असेलच. ली यांनी लघुपटाची पायरी घेतली नव्हती, पण त्यांच्याकडे दोन मोठ्या चित्रपटांवरचं काम होतं; तुमच्याकडे ते नाही.

त्या लघुपटात निवेदन नको, आणि पात्राने स्वतःच्या भावनेचं नाव घ्यायचं नाही. एवढी दोनच बंधनं घाला. चांगला झाला तर दाखवायला काहीतरी हातात येईल. फसला तर कुठे फसला ते मोठ्या स्क्रिप्टला हात लावण्याआधी समजेल, आणि तोही उपयोगच आहे.

मधल्या काळात मोठी पटकथा बाजूला ठेवा, पण नोंदणी करून ठेवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना ती करता येते. कुणालाही बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे पूर्ण लिहून झालेली पटकथा, पाठवण्याआधी हे झालेलं असू द्या. पहिल्या चित्रपटाच्या करारात पटकथेत बदल करण्याचा अधिकार कुणाकडे होता, ते कागद काढून पुन्हा वाचा. 'वाट लावली' असं तुम्ही म्हणता त्यातले किती बदल करारानेच त्यांना दिलेले होते, ते त्यात सापडेल, आणि पुढच्या करारात कुठलं कलम मागायचं तेही. कलमाची भाषा इथे लिहा, नावं गाळून. मी बघून सांगते.